साठ चुका

राजेंद्रनगर, इंदूर
१४ डिसेंबर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी वॉर्डनबाईंच्या फोनवर तुला दहा मिनिटं मिळतात. त्यातली चार आजी घेते, उरलेल्यात मागच्या मुली "झालं का गं" करत असतात. त्या गडबडीत नीटच्या सराव पेपरात ४१२ मार्क, बॅच बदलली, असं तुटक तुटक सांगून तू रडलीस आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र.

आधी बॅचचं. तुला 'ए'मधून 'बी'त टाकलं त्याचं मला काही नाही. पण यादी नावानिशी मेसच्या दाराशी लावतात हे अजिबात पटलेलं नाही. ताट हातात घेऊन आपला नंबर वाचायचा, ही कुठली रीत! प्राचार्यांना फोन करणार होतो, तू नको म्हणालीस, म्हणून गप्प बसलोय.

आता ४१२चं. आत्याने तुझ्या निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला. रात्री क्लॉथ मार्केटमधून आलो आणि जेवायच्या आधीच तो घेऊन बसलो. आई म्हणाली, दिवसभर हिशेबाच्या वह्याच केल्यात ना, आता तरी सोडा. पण अगं, ही वहीच आहे. १८० प्रश्नांपैकी तू १७८ सोडवलेस. ११८ बरोबर, ६० चूक. ११८ चोक ४७२, चुकीला एकेक म्हणजे वजा ६०, झाले ४१२. ताळा जुळला.

तू म्हणालीस, "बाबा, तुक्के लावले ना, म्हणून गेले." किती लावलेस विचारलं तर दहा-बारा म्हणालीस. बारा धरू. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर बारात सरासरी तीन लागतात. तिनाचे १२ मिळाले, नवाचे ९ गेले. तुक्क्यांनी तुझं काहीच नेलं नाही, झालाच तर दोन-तीन मार्कांचा फायदा. बाराच्या बारा चुकले असं धरलं तरी ४८ चुका उरतात, आणि त्या तू येतंय म्हणून लिहिलेल्या आहेत. खरं नुकसान तिथे आहे. सोडलेल्या प्रश्नाचे चार जातात, चुकलेल्याचे पाच. त्यातले नुसते दहा सुधारले तरी ४६२ होतात. मी तीनदा करून पाहिलं.

आमच्याकडे तेरीज, म्हणजे नावे-जमेची बेरीज, जुळली नाही की नवा मुलगा सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासायला घेतो. रात्रीचे अकरा वाजतात, सापडत काही नाही. शेठजींच्या वडिलांच्या वेळच्या मुनीमजींनी मला शिकवलं होतं की आधी फरक बघ. फरकाला ९ने भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत. ८३०च्या जागी कुणी ३८० लिहिलंय. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती नावेची जमेला गेली असणार. चुकीची जात कळली की ती कुठे शोधायची ते कळतं.

तुझ्या साठांचंही तेच कर. एका वहीत प्रत्येक प्रश्नापुढे एवढंच लिही: माहीत नव्हतं, अर्धवट आठवलं, प्रश्न नीट वाचला नाही, की गणितात घसरलं. जीवशास्त्राचा असेल तर एनसीईआरटीचं पानही लिही. निम्मा पेपर जीवशास्त्राचाच आहे, ९० प्रश्न. भौतिकशास्त्रात तुझ्या २४ चुका आहेत. माझा अंदाज, त्यातल्या बऱ्याच एककं न बदलल्याच्या असतील. लहानपणी दूध आणायला पाठवलं की अर्ध्या लिटरचा हिशेबही तू अशीच चुकवायचीस.

हे करायचं कधी, हा प्रश्न आहेच. पाचला घंटा, सहापासून अभ्यासिका, आठ ते दीड लेक्चर, मग प्रॅक्टिकल नाहीतर डाउट सेशन, रात्री दहापर्यंत पुन्हा अभ्यासिका. रविवारी पेपर आणि सोमवारी नवा धडा. चुका बघायला तुमच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नाही! तेव्हा सोमवारच्या अभ्यासिकेचा पहिला तास तू घे. सरांनी हटकलं तर माझं नाव सांग. पण झोपेतून तास काढू नकोस. साडेदहाला दिवे घालवतात ना? मग बाथरूमच्या दिव्याखाली बसायचं बंद. होय, कळलंय मला.

आणखी एक. खरी नीट दुपारी दोन ते पाच असते, म्हणून तुमचा पेपरही त्याच वेळी घेतात, हे चांगलंच आहे. पण रविवारी मेसमध्ये गोड असतं. शिरा-पुरी चापून दोन वाजता बसलं की डोळे मिटणारच. गोड संध्याकाळसाठी मागून घे.

बोर्डाचं विसरू नकोस. गोळे रंगवून रंगवून हाताला लिहायची सवय राहत नाही, आणि तिथे सत्तर मार्कांचा पेपर तीन तास लिहायचाय, आकृत्यांसकट. रोज एक मोठं उत्तर लिही, पुरे. आणि मूलनिवासी प्रमाणपत्र मी काढून ठेवलंय, त्याची काळजी नको.

लोक विचारतात, अख्खा माळवा-निमाड शिकायला इंदूरला भंवरकुआँच्या क्लासेसना येतो आणि तुम्ही पोरगी लातूरला धाडलीत? मी म्हणतो, तिनेच ठरवलं. परवा फोनवर तू तिकडच्यासारखं "काय करायलीस" म्हणालीस तेव्हा आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग दिवसभर मला विचारत होती, "काय करायलास रे?"

आत्या रविवारी सकाळी येईल. डब्यात शेव आहे, चिवडा आहे आणि आईचे डिंकाचे लाडू. गराडू, ते तळलेले कंद, पाठवता येत नाहीत, ते तू आल्यावर. डबा पेपर झाल्यावरच उघड.

तुझे,
बाबा