वरच्या पाण्याचा हिशेब शिकवणाऱ्या काकांस

विश्रामबाग, सांगली

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आपण चार रविवार माझ्या घरी आलात आणि माझी खाऱ्या पाण्याची टाकी वाचवलीत. तेव्हा तोंडी आभार मानले होते, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण सांगली-मिरजेत अशी टाकी सांभाळणारे आणखी काही जण याच अडचणीत असल्याचे मला ठाऊक आहे, आणि आपण जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझी टाकी साधारण १०० लिटर पाण्याची आहे. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी, शंखात राहणारे दोन खेकडे आणि मश्रूम व झोअँथिड जातीचे थोडे मऊ प्रवाळ आहेत. दगडी सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ते मी ठेवलेले नाहीत, आणि प्रवाळखडकाच्या जागी सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे वापरले आहेत. पहिले वर्ष चांगले गेले. दुसऱ्या एप्रिलमध्ये मात्र काचेवर तपकिरी थर धरू लागला, ठोकळ्यांवर हिरवे केसाळ शेवाळ माजले, मश्रूम दिवसभर आक्रसून राहू लागले आणि नायट्रेट (घाण कुजून साठणारा, शेवाळाला पोसणारा क्षार) लिटरला ४० मिलिग्रॅमच्या पुढे गेले. दुकानातून औषधाच्या एकामागून एक तीन बाटल्या आणून ओतल्या. प्रत्येक वेळी आठवडाभर फरक दिसे आणि पुन्हा सगळे पहिल्यासारखे होई.

आपण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची सगळी वर्षे काढलीत; सागरी टाकी आपण त्या दिवशी प्रथमच जवळून पाहत होता. तरीही माशांबद्दल किंवा बाटल्यांबद्दल आपण काहीच विचारले नाहीत. आपला पहिला प्रश्न होता, "रोज किती पाणी उडतं, आणि त्याच्या जागी तू कुठलं पाणी घालतोस?" उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी टाकीवर पंखा लावलेला असल्याने रोज सुमारे २ लिटर पाणी उडत होते, आणि त्या जागी वरचे पाणी म्हणून मी स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी घालत होतो. ते पाणी शुद्ध असते, याविषयी मला कधी शंकाच आली नव्हती.

आपण खिशातून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, काढलेत. बोअरचे पाणी लिटरला ९२० मिलिग्रॅम निघाले आणि आरओच्या तोटीचे १४०. "मेम्ब्रेन, म्हणजे आतला क्षार अडवणारा पडदा, चांगला असेल तर हा आकडा पन्नासच्या आत यायला हवा," असे म्हणून आपण यंत्राचे झाकण उघडलेत आणि आतला एक लहानसा स्क्रू मला दाखवलात. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून गाळलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी परत मिसळणारी ती झडप होती. पुष्कळ घरगुती यंत्रांत ती असते, हे मला वर्षभर माहीतच नव्हते. आपण ती पूर्ण बंद केलीत, दहा मिनिटे पाणी वाहू दिलेत, आणि मीटरवर ४८ आले.

त्यानंतर वहीच्या मागच्या पानावर आपण जो हिशेब मांडलात, ते पान मी जपून ठेवले आहे. रोजचे २ लिटर, लिटरला १४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला २८० मिलिग्रॅम आणि १०० दिवसांत २८ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा १०० लिटरमधल्या साडेतीन किलोंपुढे २८ ग्रॅम ते काय, असे मला वाटले आणि मी ते बोलूनही दाखवले. त्यावर आपण म्हणालात, "किती साठलं यापेक्षा काय साठलं ते बघ. आपल्याकडे उसाला युरिया पडतो, त्याचं नायट्रेट बोअरमध्ये उतरतं, आणि खडकातली सिलिका तर येतेच. बॉयलरमध्ये वाफ शुद्ध जाते, बाकी सगळं मागे राहतं. तुझी टाकी म्हणजे मंद आचेवरचा बॉयलर आहे." काचेवरचा तो तपकिरी थर सिलिकावर पोसणाऱ्या डायटम या सूक्ष्म शेवाळाचा होता, हे त्या एका वाक्याने मला उमगले. बॉयलरला जसा ब्लोडाऊन (क्षार साठलेले थोडे पाणी सोडून देणे), तसे टाकीला दर आठवड्याचे पाणी बदलणे, हेही आपणच समजावलेत; आणि १० टक्के पाणी बदलले तर साठलेल्यापैकी १० टक्केच बाहेर जाते, म्हणून आधी येण्याची वाट बंद करायची, हे त्याहून महत्त्वाचे. आता आरओनंतर मिक्स्ड-बेड रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी आहे आणि मीटर शून्य दाखवतो. रेझिन संपत आले की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि ती मीटरला जवळजवळ दिसतच नाही, ही आपली सूचना लक्षात ठेवून शून्य दिसत असतानाच मी रेझिन बदलतो.

गाळणीबाबतही माझी समज अपुरी होती. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू ठोकळ्यांच्या छिद्रांत राहतात हे मी वाचले होते. परंतु नायट्रेटपाशी त्यांचे काम थांबते आणि स्पंजात अडकलेली घाण तिथेच कुजून त्या नायट्रेटमध्ये भरच घालते, याचा मी विचार केला नव्हता. स्पंज मी महिन्यातून एकदा, तोही नळाखाली धूत होतो, म्हणजे घाण कुजू देत होतो आणि क्लोरीनने जिवाणू मारत होतो. आता तो दर तिसऱ्या दिवशी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळतो. प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी घाण फेसात वर आणणारे यंत्र, मात्र आपल्याला पाहताक्षणी आवडला. त्याच्या पेल्यात जमलेला काळपट, उग्र वासाचा फेस पाहून आपण म्हणालात, "ही तर काहिलीतली मळी!" गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि उतू जाण्याआधी झाऱ्याने काढून टाकतात, इथे ते काम हवेचे बारीक बुडबुडे करतात आणि सेंद्रिय घाण कुजून तिचा अमोनिया होण्याच्या आतच ती बाहेर पडते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पेल्याला मळीचा पेला म्हणतात, आणि तो रोज रिकामा होतो.

शेवटच्या रविवारी आपण आपली काचेची ब्युरेट (मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेली नळी) घेऊन आलात, तो दिवस मी विसरणार नाही. १०० मिलिलिटर पाणी, मिथिल ऑरेंज या रंगदर्शकाचे दोन थेंब आणि वरून एन बाय फिफ्टी, म्हणजे ठरावीक सौम्य तीव्रतेचे, आम्ल. १४ मिलिलिटरपर्यंत पाणी पिवळेच होते. तिथून आपण तोटी इतकी हलकी केलीत की थेंब टोकाशी लोंबकळत राहून मग सुटत होता, आणि साडेचौदावर एकाच थेंबाने सगळा पेला नारिंगी झाला. अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) लिटरला १४५ मिलिग्रॅम, म्हणजे आम्हा टाकीवाल्यांच्या डीकेएच या मापात ८. दुकानातल्या रंगपट्टीवर मी वर्षभर जे अंदाजाने वाचत होतो, ते त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी नीट पाहिले.

आज नायट्रेट ५ ते १० च्या दरम्यान आहे आणि तपकिरी थर गेला आहे. मोठा मश्रूम सकाळी दिवा लागताच उमलतो, आणि त्याच्या कडेला दोन लहान मश्रूम फुटले आहेत.

ब्युरेट अजून माझ्याकडेच आहे आणि आम्ल संपत आले आहे. येत्या रविवारी सकाळी ती परत द्यायला येतो. काकूंना माझा नमस्कार सांगावा. जमल्यास त्याच दिवशी सिलिका तपासण्याची आपली जुनी मॉलिब्डेटची पद्धत मला शिकवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
विश्रामबागेतला शेजारी