रानहळदीचे बागेसाठी वाण हवे

महोदय,

रोपवाटिकांत हौसेने विकत घेतली जाणारी ‘सियाम ट्युलिप’ ही मुळात थायलंडकडच्या रानातली, हळदीच्या कुळातील वनस्पती असून तेथील संशोधक व उत्पादकांनी निवड आणि संकर करून तिला जगाच्या फुलबाजारात नेले आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत गुलाबी-जांभळे तुरे मिरवणारी आपली रानहळद ही तिचीच जवळची नातलग; तिच्याकडे मात्र रानफूल म्हणूनच पाहिले जाते. पावसानंतर तिची पाने वाळतात, कंद जमिनीत सुप्त राहतो आणि पुढल्या पावसात पुन्हा फुटतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिला पाणी घालण्याचाही प्रश्न नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपांतून बुटक्या बांध्याचे, जास्त दिवस तुरा टिकणारे रोप एकदा निवडले, की कंद विभागून त्याचे गुण जसेच्या तसे राखता येतात.

भारतीय कृषी संशोधन परिषदेची पुष्पसंशोधन संस्था पुण्यातच आहे. तिने आणि कृषी विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावे. त्यासाठी रानातील कंद सरसकट उपटणे मात्र अक्षम्य ठरेल. वाणांच्या नोंदणीसंबंधीच्या 2001 च्या कायद्यानुसार मूळ वनस्पती कोठून आणली हे अर्जात सांगावे लागते. त्या गावाला लाभाचा वाटाही मिळावा.

– एक वाचक, सातारा