खड्डे मोजू नका, पालापाचोळा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, या नियमावर पुन्हा चर्चा सुरू झाली की दोन ठरलेली विधाने ऐकू येतात. पालिका म्हणते, प्रकल्प बंद आहेत. सोसायट्या म्हणतात, वास येतो. दोन्ही खरी आहेत, पण दोन्हींचे कारण एकच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. खत करायच्या खड्ड्यात कोरडा पालापाचोळा पडत नाही.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना वेगळ्या वर्गात टाकले. हा आकडा सगळा कचरा मिळून आहे, नुसत्या ओल्याचा नव्हे. त्यामुळे साधारण शंभर सदनिकांची सोसायटीही त्याच्या आसपास जाते. अशा सोसायटीत ओला कचरा रोज 50 ते 60 किलो निघतो आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते. जिवाणूंना लागतो सुमारे 55 ते 60 टक्के ओलावा, आणि एक भाग नायट्रोजनला 25 ते 30 भाग कार्बन. स्वयंपाकघरातला कचरा या दोन्ही बाबतींत नापास होतो. पाणी जास्त, कार्बन कमी. ही तूट भरून काढतो तो वाळलेला, चुरलेला पाला.

प्रमाण सोपे आहे. एक बादली ओल्या कचऱ्याला एक बादली चुरलेला पाला, पावसाळ्यात दीड. अख्खी पाने मोजू नयेत, त्यांत निम्मी हवा असते. वड-पिंपळाची जाड पाने चुरली नाहीत तर पापुद्र्यासारखी चिकटून बसतात आणि खालचा थर गुदमरतो. मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला कमी आहे आणि काहीच न येता मिश्रण भुरभुरले तर पाणी शिंपडावे. पाला नसल्यास कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो. लाकडाचा भुसाही चालतो, पण तो साध्या लाकडाचा हवा. फर्निचरच्या कामावरून आणलेल्या प्लायवूड-एमडीएफच्या भुशात डिंक आणि रसायने असतात. तो फुकट मिळतो म्हणून सर्रास वापरला जातो, हे वाईट.

बिघाड ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर पाला वाढवा. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही. ढीग उपसून पाला मिसळा आणि तळाचे काळे पाणी वाहून जायची वाट मोकळी करा. अळ्या दिसल्या की चेअरमनकडे तक्रारी जातात आणि कोणीतरी औषध फवारते. त्या फवाऱ्याने कुजवणाऱ्या किड्यांवरही गदा येते. खरा उपाय म्हणजे रोजचा कचरा टाकून झाल्यावर वर दोन-तीन इंच कोरड्या पाल्याचे पांघरूण, म्हणजे माशीला अंडी घालायला ओली जागाच मिळत नाही. घुशींसाठी तळाला आणि बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी हवी, प्लॅस्टिकची नको, ती कुरतडतात. आणि ढीग तापतो का, ते पाहावे. एक लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढावी. धरवत नसेल तर आत 55-60 अंश आहेत, काम चालू आहे. गार लागली तर फार कोरडे, फार ओले किंवा ढीग फार लहान.

आता गांडुळांविषयी. मिळकत करात 5 टक्के सवलत मिळते म्हणून अनेक ठिकाणी गांडूळखताचे हौद बांधले गेले. हौद बांधला, गांडुळे सोडली, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून ताजा कचरा थेट त्यांच्यावर ओतायला सुरुवात झाली. ताजा कचरा तापतो आणि 35 अंशांच्या वर गांडूळ तग धरत नाही. शिवाय त्यात मीठ, तेल, लिंबाच्या साली. महिनाभरात गांडुळे संपतात आणि उरतो वास मारणारा हौद. गांडुळांना अर्धवट कुजलेले, दोन-तीन आठवडे तापून निवलेले खाद्य द्यायचे असते. म्हणजे आधी साध्या कंपोस्टची पेटी हवीच. बहुतेक सोसायट्यांनी गांडुळांचा नाद न केलेलाच बरा.

यंत्रांचेही तसेच. ‘24 तासांत खत’ म्हणून जे मिळते, ते बहुधा तापवून वाळवलेले अन्न असते. खात्री करायची तर मूठभर माल ओला करून पिशवीत बांधून चार दिवस ठेवा. आंबूस वास सुटला तर ते खत नव्हे. ते कुंडीत घातले तर झाड मरते आणि माळ्याला बोल लागतो. तयार खताला पावसाळी मातीचा वास असतो आणि त्यात मेथी नीट उगवते.

पेट्या किमान तीन असाव्यात. एक भरायला, दुसरी मुरायला, तिसरी चाळायला. रुंदी व उंची प्रत्येकी एक मीटरच्या आत, म्हणजे माणसाला वाकून पालथे करता येते. मुरायला 45 ते 60 दिवस लागतात, त्याआधी घाई करू नये. चाळणीवर राहिलेला जाडाभरडा भाग नव्या पेटीत विरजण म्हणून टाकावा. नारळाच्या कवट्या, आंब्याच्या कोयी, निर्माल्यातले दोरे-तारा आधीच बाजूला काढाव्यात. आणि घरातून ओला कचरा पिशवीत गाठ मारून देणे बंद व्हायला हवे. ‘विघटनशील’ छापलेल्या पिशवीतही नको. गाठ मारलेला कचरा रात्रभरात आत सडतो आणि सकाळी ती गाठ कोणाला तरी हाताने सोडावी लागते. डबा उघडाच द्यावा, तळाला वर्तमानपत्राचा कागद पुरे. डायपर व सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून, लाल खूण करून द्यावेत, हे बहुतेकांना माहीत आहे, पाळणारे कमी.

आता पालिकेकडे मागणे. तपासणीत आज हौद आहे का, यंत्र आहे का, एवढेच पाहिले जाते. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: आवारात पाल्याचा साठा किती आहे, सळई तापते का, आणि गेल्या महिन्यात चाळून किती किलो खत निघाले. 60 किलो ओल्या कचऱ्यामागे 10-12 किलो खत निघायला हवे. नोंद शून्य असेल तर सवलतही शून्य.

दुसरे, पाला आणायचा कुठून? शहरात तो कमी नाही. माघापासून चैत्रापर्यंत रस्तोरस्ती ढीग लागतात आणि भल्या सकाळी ते पेटवले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25 हजार रुपये दंड सांगितला आहे. पण झाडणाऱ्याला पाला ठेवायला जागाच दिली नाही, तर तो काडीच लावणार. प्रत्येक प्रभागात एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात पाला चुरून पोत्यांत भरायची सोय करावी आणि सोसायट्यांना पोती न्यायला सांगावे. शहराचा कचरा डेपो ज्यांच्या हद्दीत आहे त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी 2017 च्या एप्रिल-मेमध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात ओला कचरा दारोदार साचला होता. त्या दोन महिन्यांत पुण्यात वाळक्या पानांचा तुटवडा नसतो.

शंभर घरांच्या सोसायटीला पावसाळ्याचे चार महिने काढायला दाबून भरलेली साधारण दीडशे पोती लागतात. ती छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचावीत, नाहीतर श्रावणात खालची रांग भिजून काळी पडते. भरायची वेळ होळी ते अक्षयतृतीया. त्यानंतर वळवाचे पाऊस सुरू होतात.

आपला,
एक वाचक, पुणे