पोस्ट टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझ्या स्टार्टअपबद्दलच्या पोस्टचा मसुदा तीनदा वाचला. ‘मला भीती वाटते’ हे पहिलंच वाक्य. इतक्या वर्षांत हे तू मला कधी म्हणाला नाहीस आणि आता एकदम जगाला सांगायला निघालास! थोडा रुसलोय, खोटं कशाला बोलू.

टाकू का, असं विचारतोस. माझी पोस्ट आठवते? कंपनी बंद केल्यावर लिहिली होती ती. ‘किती प्रांजळ’, ‘हिंमत लागते’ असं लोक म्हणत होते, तूही म्हणालास. दोन दिवस मी हवेत होतो. पुढचं तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सपोर्ट टीममधल्या एकीचा फोन आला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, पाचच महिन्यांचे पैसे उरलेत हे तुम्हाला मार्चमध्ये कळलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मी एप्रिलमध्ये घराचं कर्ज काढलं. पगाराच्या दाखल्यावर सही तुमचीच होती.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तेव्हापासून या ‘मोकळेपणाच्या’ पोस्टी मी जरा तिरक्या नजरेनेच वाचतो. तुझ्या मसुद्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. झोप लागत नाही, थकलोय, हे काम आपल्याला जमतंय का असं वाटतं, हे सगळं तुझं आहे. ते कुणालाही सांग, बिनधास्त सांग. भेटेल त्याला ‘मस्त चाललंय’ म्हणत फिरणारे संस्थापक मला आता सहन होत नाहीत, मीही त्यातलाच होतो. पण ‘पुढची गुंतवणूक आली नाही तर दिवाळं’ ही भीती एकट्या तुझी नाही. ती तुझ्या टीममधल्या अकरा जणांचीही आहे आणि त्यांना ती अजून माहीतच नाही. त्यांनी ती इतरांच्या लाइक्सखाली वाचायची का?

प्रवाशांना भाड्याने घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचा संस्थापक ब्रायन चेस्की याने ५ मे २०२० रोजी साडेसात हजारांपैकी सुमारे १,९०० जणांना कमी करत असल्याचं पत्र लिहिलं. प्रवास पुन्हा कधी सुरू होईल हे आपल्याला माहीत नाही, असं त्यात सरळ कबूल केलं होतं. पण ते पत्र लिहिलं होतं कर्मचाऱ्यांना, जगाने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. सोशल मीडियासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बफर कंपनीचा संस्थापक जोएल गॅस्कॉइन याने २०१६ मध्ये दहा जणांना काढलं, तेव्हा माणसं फार वेगाने भरली ही आपली चूक त्याने आकड्यांसकट जाहीर केली. तिथे पगारसुद्धा २०१३ पासून उघड होते, त्यामुळे ते खपून गेलं. तू आजवर टीमला बँकेतली शिल्लकही सांगितलेली नाहीस.

आणि असं उघडपणे सांगणं अंगावर उलटतंही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने ८ मार्च २०२३ रोजी १.८ अब्ज डॉलरचा तोटा सांगितला आणि भांडवल उभारायचं आहे म्हणाली, पण ते अजून हातात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज काढायला रांग लावली आणि १० तारखेला बँक बंद! गंमत म्हणजे ते ठेवीदार बहुतेक आपल्यासारखे स्टार्टअपवालेच. तू बँक नाहीस, मान्य. पण वर्षभराचे पैसे आगाऊ भरायला तयार झालेला तो मोठा ग्राहकही तुझी पोस्ट वाचणारच ना?

तेव्हा सोमवारी आधी सगळ्यांना समोर बसव. किती महिने उरलेत तो आकडा सांग. कुणी दुसरी नोकरी शोधायला लागलं तर शोधू दे. गुंतवणूकदारांना त्याच दिवशी फोन कर, त्यांना हे बाहेरून कळलं तर ते तुला माफ करणार नाहीत. त्यानंतरही लिहावंसं वाटलं तर जरूर लिही, मीच पहिला शेअर करीन.

आणि ते पहिलं वाक्य आज रात्री मला फोनवर म्हणून दाखव. दोन वाजले तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझाच,
(तुझ्याआधी बुडालेला)