शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाने कोणाकडे जायचे?

माननीय संपादक,

प्रत्येक शाळेत मानसशास्त्रज्ञ असावा, ही मागणी आता सगळीकडून होते. ती रास्तच आहे. पण नेमणूक झाल्यावर त्या माणसाला आधार कोण देते, हे फारसे कोणी विचारत नाही. मी १७ वर्षे हे काम करते आहे, म्हणून लिहिते.

माझे पहिलेच वर्ष होते. आठवीतल्या एका मुलीने बाही वर करून हातावरचे व्रण दाखवले. शिकले होते त्याप्रमाणे मी आत्महत्येच्या विचारांबद्दल तिला थेट विचारले, पालकांना बोलावले, पुढचे काही दिवस तिच्या सोबत कोण राहील ते ठरवले. रात्री मात्र झोप लागेना. एखादा प्रश्न विचारायचा राहून तर गेला नाही ना? हे विचारायचे कोणाला? शिक्षकखोलीत बोलता येत नव्हते, घरीही नाही. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट होती. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण ते माझे वरिष्ठ, आणि त्यांची पहिली चौकशी होती, ‘परीक्षेला बसेल ना?’ गणिताच्या शिक्षकाला शेजारच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो. आमच्या विषयाचे माणूस शाळेत बहुधा एकच असते.

‘सुपरव्हिजन’ म्हटले की शाळेत तपासणी समजतात: नोंदवही पाहायची, किती मुले भेटली ते मोजायचे. आमच्या व्यवसायात त्याचा अर्थ वेगळा आहे. याच क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीसमोर ठरलेल्या वेळी बसायचे, मुलाचे नाव न घेता केस मांडायची आणि ‘इथे तू घाई का केलीस?’, ‘या वडिलांचा तुला एवढा राग का आला?’ असे प्रश्न ऐकून घ्यायचे. ही व्यक्ती आपला गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी. नाहीतर चूक कबूल कोण करेल?

प्रशिक्षणाच्या नावाखाली मिळते ती वर्षाकाठी एक कार्यशाळा. सभागृह, ताणतणावावरचे भाषण, प्रमाणपत्र. अवघड संभाषण ऐकून शिकता येत नाही. ते करून पाहावे लागते आणि कोणीतरी चूक दाखवावी लागते. अमेरिकेत १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेसेल यांना ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ हे पद दिले, तेव्हा काम मुख्यतः मुलांच्या चाचण्यांचे होते. आज त्याच खुर्चीत बसणाऱ्याकडे छळ, घरातली हिंसा, आत्महत्येचा धोका सगळे येते. चाचण्याही बदलतात. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीची चौथी आवृत्ती २००३ची, पाचवी २०१४ची. मानके, म्हणजे त्या वयाच्या इतर मुलांशी तुलना करायचे आकडे, जुनी झाली की गुण फुगून दिसतात आणि सीमारेषेवरचे मूल मदतीतून वगळले जाते. नवे शिकायला वेळ न देणे म्हणजे त्या मुलाचेच नुकसान.

अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ अशी शिफारस केली आहे. तिथेही बहुतेक ठिकाणी ती पाळली जात नाही. पण त्यांचे राष्ट्रीय प्रमाणपत्र टिकवायचे तर दर तीन वर्षांनी ७५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. म्हणजे शिकणे हा नोकरीचाच भाग. आपल्याकडे मात्र ते रजा टाकून, पदरमोड करून करावे लागते.

मागणी फार मोठी नाही. चार-पाच शाळांनी मिळून एक ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ ठरवावा. पंधरवड्यातले दोन तास त्याच्याशी बोलण्यासाठी, प्रत्यक्ष किंवा फोनवर, आणि ते कामाचे तास धरावेत. आणि शाळेत एखाद्या मुलाचा मृत्यू झाला, तर पहिल्या दिवसापासून बाहेरचा सहकारी मदतीला यावा. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी आठवडाभर वर्गावर्गांत जाऊन मुलांना रडू दिले. ते मूल माझ्याकडेही येत असे. माझी चौकशी एका शिपाई मावशींनी केली, पाण्याचा पेला पुढे करून.

— एक शालेय मानसशास्त्रज्ञ