बाबा, स्टिअरिंग इथेही उजवीकडेच

मेलबर्न,
२३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगितलं असतं, पण बाबा, तुम्ही "हं, बरंय, आईला देतो" म्हणता आणि आईला आधी ओवीने काय खाल्लं ते ऐकायचं असतं. म्हणून पत्र. आई, मोठ्याने वाच. बाबांना चष्मा सापडणार नाही.

आम्ही चार दिवस कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन ग्रेट ओशन रोडला जाऊन आलो. टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी, पण आत अख्खं बिऱ्हाड. दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज, भांडी घासायला बेसिन, आणि टेबल खाली सरकवलं की त्याचाच पलंग. चालवली मी. निखिल पहिला दिवसभर वरचं हँडल धरून बसला होता. कुंभार्ली घाटात एसटीच्या इंजिनच्या बॉनेटवर बसून तुमचं चालवणं बघितलेलं कुठे जातंय? वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. गाडी ऑटोमॅटिक, गिअर बदलायचाच नाही, तरी माझा डावा हात दर वळणाला खाली जायचा.

मात्र एक चूक झालीच. लॉर्नच्या पुढे डोंगर एकदम समुद्रात उतरतो आणि रस्ता त्याच्या कमरेला करगोट्यासारखा बांधलेला. तिथल्या एका वळणावर वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि मेतकुटाचा डबा थेट खाली. कडी लावायची राहिली होती. टपावरचं सामान बांधलंय का ते दोनदा बघितल्याशिवाय तुम्ही गाडी हलवत नसायचात, हे मला नेमकं तेव्हाच आठवावं!

हा रस्ता तुम्हाला आवडेल, आणि तो केवळ समुद्रासाठी नाही. टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत साधारण २४० किलोमीटर, आणि बांधला तो पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी. १९१९ ते १९३२, तेरा वर्षं. कुदळ, फावडं, घोडागाड्या आणि सुरुंग. परत न आलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून बांधला. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिच्याखालून जाताना मी हॉर्न वाजवणार होते, मग नाही वाजवला. हॉवर्ड हिचकॉक म्हणून जिलाँगचे महापौर होते, त्यांनी यासाठी पैसा उभा केला, आणि रस्ता पुरा व्हायच्या तीन महिने आधी वारले. उद्घाटनाच्या दिवशी गव्हर्नरांच्या मोटारीमागून त्यांची मोटार चालवत नेली. आणखी एक, हे मात्र डेपोतल्या मंडळींना सांगा. १९२४ साली केप पॅटनजवळ एक जहाज खडकावर आदळलं, आणि ते हलकं करायला खलाशांनी बिअरची ५०० पिंपं समुद्रात लोटली. ती वाहत किनाऱ्याला लागली. रस्त्याचं काम दोन आठवडे बंद!

पश्चिमेकडे निघालं की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे क्लीनर साइडला. ती खिडकी आईची. पुढे अंटार्क्टिकापर्यंत जवळजवळ नुसता समुद्रच, त्यामुळे वारा असा येतो की बाहेर शेगडी पेटेना. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडावर कोआला दिसला. ओवीने त्याला तासभर हाका मारल्या, त्याने एकदा डोळा उघडला.

ट्वेल्व्ह अपोसल्स म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके. नावात येशूचे बारा शिष्य, पण सुळके बारा कधीच नव्हते. त्यातला एक २००५च्या जुलैत कोसळला आणि आता आठ उरलेत. पूर्वी त्यांना डुकरीण आणि तिची पिल्लं म्हणायचे, मला तेच नाव जास्त आवडलं. जवळच लॉक आर्ड नावाची घळ आहे. १ जून १८७८ला इंग्लंडहून मेलबर्नला येणारं त्याच नावाचं जहाज तिथे फुटलं. ५४ माणसांतली दोनच वाचली, टॉम आणि ईव्हा, दोघंही अठरा-एकोणीस वर्षांची. त्याने पोहत जाऊन तिला वर काढलं. लोकांना वाटलं आता लग्न होणार, पण ती थोड्याच महिन्यांत आयर्लंडला परत गेली. तिचे आई-वडील आणि भावंडं त्याच जहाजावर होती. लग्नाचं कुणाला सुचलं असेल, काय माहीत.

आता मुद्द्याचं. बाबा, रागावू नका. मे महिन्यात कोल्हापूरच्या लग्नाला तुम्ही का आला नाहीत ते मला कळलंय. "गाडीत बसवत नाही" एवढं तुम्ही सांगितलंत, उरलेलं आई बोलली. तीस वर्षं गाडीभर माणसांसाठी घाटात गाडी थांबवलीत, "उतरा, पाच मिनिटं" म्हणालात, आणि आता स्वतःसाठी थांबवा म्हणायची लाज? या गाडीत मागे संडास आहे, दार लावून घ्यायचा. खाली पेटी असते, ती कॅम्पमधल्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. आई, शिव शिव करू नकोस, ते काम निखिलचं. त्याने या वेळी केलं, कुरकुरत, पण केलं.

तर ही सहल मी तुमचे गुडघे घेऊन केली. गाडीची पायरी उंच आहे, स्टूल लागेल. गिब्सन स्टेप्सला ८६ पायऱ्या, त्या आपल्या नाहीत. अपोसल्सला मात्र पार्किंगपासून रस्त्याखालच्या बोगद्यातून पायवाट जाते, सावकाश जमेल. लॉक आर्डला घळीत उतरायला जिना आहे. आई ओवीबरोबर खाली जाईल, तुम्ही वर गाडीत चहा टाका. पलंगावर दोन गाद्यांच्या सांध्यात पाठ रुतते, मी आईची गोधडी दुहेरी घालून बघितली, मग लागली झोप. संध्याकाळ झाली की गाडी लावायची, कारण कांगारू रस्त्यावर येतात. म्हणजे दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. तुम्हाला हे चालवणं वाटणारच नाही.

तुम्ही दोघांनी इकडे यायचं फेब्रुवारी-मार्चचं बघू. आई, दोघांचे पासपोर्ट कधी संपतात ते बघून कळव. बाबा, त्याआधी डॉक्टरांना दाखवा. याच महिन्यात, दिवाळीनंतर-दिवाळीनंतर करत दिवाळी होऊन गेलीय.

तुमची,
मनू

ता. क. आई, मेतकूट संपलं. निम्मं त्या गाडीच्या फटींत आहे. गाडी परत देताना तिथली मुलगी वास घेत घेत मागेपर्यंत जाऊन आली.