स्वतंत्रपूरच्या जिल्ह्यात एवढं तरी व्हावं

महोदय,

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत कैदी आहेत पण तुरुंगाच्या भिंती नाहीत, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना उचलून ती वसवली. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागली. ब्रिटिश मुलखात तेव्हा १८९४ चा तुरुंग कायदा चालू होता. त्याचा सारा भर बंदोबस्तावर. दुष्काळी मुलखातल्या छोट्या संस्थानाने गुन्हेगारावर विश्वास टाकून दाखवला, याचा मला फार अभिमान वाटतो.

म्हणूनच मागच्या महिन्यात जे पाहिलं ते जिव्हारी लागलं. गावातल्या एका माउलीसोबत तिच्या मुलाच्या भेटीला एका कारागृहावर गेलो होतो. मुलगा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला. धुतलेल्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून ती तीन तास उन्हात उभी. सावली नाही, पाण्याचा माठ नाही. भेट जाळीआडून, गलक्यात. मुलगा काय बोलला ते तिला ऐकूच आलं नाही.

देशातल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन कैदी कच्चेच आहेत. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की सुटकेसाठी कारागृह अधीक्षकांनीच न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा असतो. त्या माउलीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. भेटीच्या दारावर ठळक मराठीत तशी पाटी लावा, शेजारी एक माठ ठेवा.

– एक निवृत्त शिक्षक, विटा (जि. सांगली)